रुक्खमूल सेनासन आणि बालाघाटातील रानमुक्काम

बीड शहराहून सोलापूरच्या दिशेने निघालेला राष्ट्रीय महामार्ग पाली ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढतो आणि बालाघाटाच्या पठारावर येतो. हरिश्चंद्र-बालाघाट ही सह्याद्रीतून फुटलेली डोंगररांग अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर अशी आग्नेयेकडे उतरत जाते. याच उंचवट्यावर पाटोदा तालुक्यात मांजरा नदीचा उगम होतो आणि याच डोंगरांचे पाणी घेऊन बिंदुसरा बीड शहरातून वाहत सिंदफणेला मिळते. मांजरसुंब्याजवळ कपिलधार हा धबधबा आहे व तेथे मन्मथस्वामींची समाधी आहे. जवळच पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला १९९४ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील रान घनदाट नाही. काळ्या कातळावर पातळ मातीचा थर, त्यावर पळस, खैर, बोर, हिवर, आपटा, सीताफळ आणि मधूनमधून कुसळी गवताची माळराने, असे त्याचे स्वरूप आहे. पावसाळ्यात हिरवे आणि फाल्गुनापासून करडे दिसणारे हे रान आहे.

अशा डोंगरात एखादी रात्र काढावी, तीही बांधलेल्या निवासात किंवा ठराविक तळावर नव्हे, तर झाडाखाली वा उघड्या माळावर, ही इच्छा अलीकडे अनेक तरुणांच्या मनात उत्पन्न होताना दिसते. शहरातील गजबजाटाला कंटाळलेल्या मनाची ती स्वाभाविक गरज आहे. विहारांत ध्यानाचा अभ्यास करणाऱ्या उपासक-उपासिकांना तर अरण्य, वृक्षमूल आणि शून्यागार हे शब्द सुत्तांतून वारंवार भेटतात. तेव्हा आपणही वृक्षमूली बसून पाहावे असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. परंतु रानात राहणे म्हणजे काय, ते कोणी, केव्हा आणि कसे करावे, याविषयी बौद्ध परंपरेने अत्यंत बारकाईने विचार केलेला आहे, याची जाणीव पुष्कळांना नसते. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचार वाचकांपुढे मांडणार आहोत आणि बालाघाटासारख्या कोरड्या डोंगरात त्याचा उपयोग कसा होतो हे पाहणार आहोत. त्याबरोबरच एका अवघड प्रश्नाकडेही लक्ष वेधणार आहोत. हौसेने एक रात्र उघड्यावर काढणारा आणि निवाऱ्याअभावी सारे आयुष्य उघड्यावर काढणारा, या दोघांना एकाच आकाशाखाली झोपलेले म्हणता येईल काय?

शिंसपावनातील एक रात्र

बुद्धाचा जन्म वृक्षाखाली झाला, संबोधी वृक्षाखाली प्राप्त झाली आणि महापरिनिर्वाणही दोन शालवृक्षांच्या मध्ये झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु उघड्यावर झोपण्याचा अनुभव त्यांनी स्वतः कसा सांगितला, हे अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील एका प्रसंगातून दिसते. आळवी नगराजवळील शिंसपावनात, गुरांच्या वाटेवर, झाडाच्या पानांचे अंथरूण करून बुद्ध राहिले होते. हस्तक आळवक नावाचा राजपुत्र फिरत फिरत तेथे आला आणि आपल्याला सुखाने झोप लागली काय, असे त्याने विचारले. हिवाळ्याच्या रात्री हिम पडत असते, गुरांच्या खुरांनी जमीन खडबडीत झालेली आहे, पानांचे अंथरूण पातळ आहे, चीवरे थंड आहेत आणि वाराही थंड वाहतो आहे, असे त्याने एक एक करून सांगितले. बुद्धांनी यांतील एकही गोष्ट नाकारली नाही. थंडी नव्हती किंवा जमीन मऊ होती असे ते म्हणाले नाहीत. जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी आपण एक आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. कारण मऊ शय्येवर पहुडलेल्या श्रीमंताची झोप ज्या लोभ, द्वेष आणि मोहाच्या दाहाने मोडते, तो दाह त्यांच्यापाशी उरलेला नव्हता.

या प्रसंगाचा अर्थ नीट घेतला पाहिजे. कष्ट सोसल्याने पुण्य लाभते असे येथे म्हटलेले नाही. देहदंडनाचा मार्ग बुद्धांनी सहा वर्षे अनुभवून टाकून दिला होता. झोपेचे सुख अंथरुणावर किती अवलंबून आहे आणि मनावर किती, याची पारख उघड्या माळावर होते, एवढाच बोध यातून घ्यावयाचा आहे.

सक्ती नव्हे, निवड

उपसंपदेच्या वेळी भिक्खूला चार निस्सय सांगितले जातात. भिक्षेचे अन्न, टाकलेल्या चिंध्यांचे चीवर, वृक्षमूलाचे निवासस्थान आणि गोमूत्राचे औषध हे ते चार आधार होत. यांपैकी वृक्षमूल हा किमान आधार आहे. त्याहून अधिक मिळाले तर विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा या पाच प्रकारच्या निवासांची अनुज्ञा आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात ६० विहार बांधून संघाला दान केल्याची कथा चुल्लवग्गात आहे. काहीच मिळाले नाही तरी झाड तर आहेच, आणि त्यामुळे निवासासाठी कोणापुढे लाचार होण्याचे कारण नाही, असा या निस्सयामागील स्वातंत्र्याचा भाव आहे.

याच वृक्षमूलाची सक्ती करावी अशी मागणी देवदत्ताने केली. भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, आजन्म वृक्षाखालीच झोपावे, गावात येणाऱ्यास दोषी धरावे, अशा आशयाच्या पाच अटी त्याने बुद्धांपुढे ठेवल्या. बुद्धांनी त्या अमान्य केल्या. ज्याची इच्छा असेल त्याने अरण्यात राहावे, ज्याची इच्छा असेल त्याने गावात राहावे. वृक्षमूलाचा वास वर्षातील आठ महिने अनुज्ञात आहे, असा निर्णय त्यांनी दिला. याच प्रश्नावरून देवदत्ताने संघभेद केला, हा इतिहास आहे.

आम्हांस हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. अरण्यवास हे श्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र होऊ नये, ही काळजी त्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खूसंबंधी जो प्रश्न उपस्थित केला, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. भिक्खूचे ध्येय केवळ स्वतःला परिपूर्ण करणे हे आहे की समाजाची सेवा करणे हे आहे? तो केवळ परिपूर्ण मनुष्य असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, आणि तो समाजसेवक असेल तर धम्माला त्याच्याकडून आशा आहे, असा त्या विवेचनाचा रोख आहे. म्हणून रानात जाणे हे माणसांपासून पळून जाण्यासाठी असेल, तर ते या दृष्टीत बसत नाही.

धुतांगांतील सूक्ष्म विचार

पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात तेरा धुतांगांचे विवेचन केले आहे. त्यांपैकी आरञ्ञिकांग, रुक्खमूलिकांग आणि अब्भोकासिकांग ही तीन आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. अनुक्रमे अरण्यात राहणे, झाडाखाली राहणे आणि उघड्या आकाशाखाली राहणे, असा त्यांचा अर्थ होय.

अरण्य कशाला म्हणावे? गावाच्या वेशीपासून किमान ५०० धनुष्ये दूर असलेले स्थान ते अरण्य, अशी मोजणी सांगितली आहे. एक धनुष्य चार हातांचे धरले, तर हे अंतर एक किलोमीटरहून थोडेसे कमी भरते. म्हणजे भिक्खूचे अरण्य हे माणसांचा संबंध तुटलेले निबिड जंगल नव्हते. गावातील कोंबडा ऐकू येणार नाही, परंतु सकाळी भिक्षेला जाऊन परत येता येईल, इतक्याच अंतरावर ते होते.

रुक्खमूलिकाने कोणते झाड निवडावे, यापेक्षा कोणते निवडू नये हे अधिक स्पष्टपणे सांगितले आहे. सीमेवरचे झाड, चैत्याचे झाड, डिंक देणारे झाड, फळझाड, वटवाघळांचे झाड, पोकळ झाड आणि विहाराच्या मध्यभागी असलेले झाड, अशी सात झाडे वर्ज्य होत. यांतील प्रत्येकामागे व्यवहार आहे. दोन सत्तांच्या सीमेवर तंटा होतो. चैत्याच्या झाडाशी लोकांची श्रद्धा जोडलेली असते. डिंक आणि फळे यांवर कोणाची तरी उपजीविका चालते. वटवाघळांचे ते घर असते आणि पोकळ खोडात साप-विंचू असतात. थोडक्यात, जे झाड आधीच कोणाचे तरी आहे, ते आपले मानू नये.

हे व्रत उत्कृष्ट प्रकारे पाळणाऱ्याने झाडाखालची जागा झाडून-सारवून घ्यावयाची नसते. पडलेली पाने पायाने बाजूला सारावी, एवढीच त्याला मुभा आहे. उघड्यावर राहणाऱ्याने चीवराचीच झोपडी, म्हणजे चीवरकुटी, उभारून तीत राहावे असे सांगितले आहे. आज ज्याला आपण ताडपत्रीचा आडोसा म्हणतो, त्याचे हे जुने रूप म्हणता येईल. सकाळी चीवर उचलले की निवासाची खूण उरत नाही.

याच प्रकरणातील आणखी एक सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आरञ्ञिकाचा आचार्य वा उपाध्याय आजारी असेल आणि रानात त्याची सोय होत नसेल, तर त्याला गावात नेऊन त्याची शुश्रूषा करावी. एरवी अरुणोदयापूर्वी अरण्यात परतणे हे या व्रतासाठी आवश्यक असते. परंतु नेमक्या अरुणोदयाच्या वेळीच आजार वाढला, तर धुतांगाच्या शुद्धीची पर्वा न करता सेवाच करावी, असे बुद्धघोष सांगतात. व्रतापेक्षा माणूस मोठा आहे, हे याहून स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज नाही.

विनयातील रानाचे नियम

विनयपिटकातील अनेक नियम रानात राहणाऱ्याला आजही तंतोतंत उपयोगी पडावेत असे आहेत. हिरवी झाडे-झुडपे तोडणे हा पाचित्तिय दोष आहे. गवतावर मलमूत्र विसर्जन करू नये, पाण्यात करू नये, असे सेखिय नियम सांगतात. पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असताना ते वापरू नये. यासाठी परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे फडके, हे भिक्खूच्या आठ परिष्कारांत गणले गेले आहे. उघड्यावर मांडलेली खाट वा आसन तसेच टाकून निघून जाणे हाही दोष आहे.

अग्नीविषयीच्या नियमाची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. भग्ग देशातील भेसकळावनात हिवाळ्यात काही भिक्खूंनी एका मोठ्या पोकळ ओंडक्याला आग लावली आणि ते शेकत बसले. त्या ओंडक्यात काळा साप होता. आगीने तापून तो बाहेर आला आणि भिक्खू सैरावैरा पळाले. त्यानंतर आजारी नसताना केवळ शेकण्यासाठी उघड्यावर अग्नी पेटवू नये, असा नियम झाला. ओंडका आपल्याला सरपण दिसतो. दुसऱ्या कोणाचे ते घर असते.

वर्षावासाचा नियमही असाच. पावसाळ्यात भिक्खू हिरवे गवत तुडवीत आणि बारीक जीव मारीत हिंडतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. इतकेच नव्हे, तर झाडाच्या ढोलीत, झाडाच्या बेचक्यात किंवा उघड्यावर वर्षावास करू नये, असेही स्पष्ट केले. महाराष्ट्रातील कान्हेरी, अजिंठा, पितळखोरा यांसारखी लेणी ज्या गरजेतून कोरली गेली, तिच्यात हा वर्षावास प्रमुख होता. डोंगर उघडाच राहिला. निवारा मात्र कातळाच्या पोटात तयार झाला.

अरण्यवासी भिक्खूची कर्तव्ये चुल्लवग्गात सांगितली आहेत. त्यामागील कथा अशी की, काही अरण्यवासी भिक्खूंकडे चोर आले. पाणी आहे काय, अग्नी आहे काय, आज चंद्र कोणत्या नक्षत्री आहे, ही दिशा कोणती, असे त्यांनी विचारले. भिक्खूंना यांतले काहीच सांगता आले नाही. तेव्हा हे भिक्खू नसून चोर असावेत, असे म्हणून चोरांनीच त्यांना मारहाण केली. यानंतर अरण्यवासीयाने पिण्याचे व वापरण्याचे पाणी भरून ठेवावे, अग्नी व अरणी ठेवावी, काठी बाळगावी, नक्षत्रे शिकावीत आणि दिशांचे ज्ञान करून घ्यावे, असा दंडक झाला. रान हे अज्ञानाने जाण्याचे ठिकाण नव्हे. तेथे राहणाऱ्याने वाटसरूलाही उपयोगी पडले पाहिजे, ही अपेक्षा त्यात आहे.

दूर दूर, तरी एकत्र

अनेक जण रानात राहणार असतील तर कसे राहावे, याचा आदर्श अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन स्थविरांच्या जीवनात सापडतो. ते एकाच वनात, परंतु एकमेकांपासून अलग बसून साधना करीत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी आणि पाणी ठेवी. जो शेवटी येई तो उरलेले अन्न जीव नसलेल्या पाण्यात किंवा गवत नसलेल्या जागी टाकून भांडी आवरी आणि जागा झाडी. पाण्याचा घडा रिकामा दिसला तर ज्याला दिसेल तो भरी. एकट्याला न उचलला तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी, परंतु त्यासाठी मौन मोडीत नसे. दर पाचव्या रात्री मात्र ते रात्रभर एकत्र बसून धम्मचर्चा करीत.

एकाच जागी गर्दी केल्याने माती दाबली जाते, गवत मरते, जनावरे दूर जातात. विखरून राहिल्याने रानावरचा भार विभागला जातो आणि प्रत्येकाला एकांतही मिळतो. त्याच वेळी कोणी एकटा पडत नाही. दहा जणांच्या गटाने एका झाडाखाली दाटीवाटी करण्यापेक्षा हाकेच्या अंतरावर दोन-तीन झाडे निवडावीत, सायंकाळी एकत्र बसावे आणि नंतर आपापल्या जागी जावे, हे अधिक चांगले.

बालाघाटात मुक्काम करताना

आता हे सर्व मांजरसुंब्याच्या परिसराला लावून पाहू. पहिला प्रश्न जमिनीचा. डोंगरातील जमीन वनखात्याची राखीव असू शकते, गावाचे गायरान असू शकते, देवस्थानची वा खासगी असू शकते. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही आणि तेथे आग लावणे हा गुन्हा आहे. राखीव वनातही भारतीय वन अधिनियम, १९२७ आगीला प्रतिबंध करतो. म्हणून नायगावच्या हद्दीत रात्र काढण्याचा बेत मनमानीने करू नये. वन अधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी, अन्यथा गावकऱ्यांना वा मालकाला विचारून बाहेरची जागा निवडावी. सीमेवरचे आणि दुसऱ्याचे झाड टाळावे, हा विसुद्धिमग्गातील उपदेश येथे अक्षरशः लागू पडतो. सीताफळाची झाडे ही तर येथील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती फळे रानची म्हणून तोडणे योग्य नव्हे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत योग्य. पावसाळ्यात लांडोरी जमिनीवर, गवताच्या आडोशाला अंडी घालतात. त्या वेळी रान तुडविणे म्हणजे घरटी तुडविणे होय. वर्षावासाच्या नियमामागील करुणा नायगावच्या परिसरात अशी प्रत्यक्ष दिसते. उन्हाळ्यात वाळलेले कुसळी गवत एका ठिणगीने पेट घेते आणि वाऱ्याबरोबर संपूर्ण उतार जळतो. म्हणून शेकोटीचा मोहच टाळावा. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या एवढी शिदोरी एका रात्रीला पुरेशी आहे. थंडीसाठी घोंगडी न्यावी.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि या जिल्ह्यात तो सर्वांत मोठा आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांच्या स्मरणात आहे आणि त्यानंतरही टँकरची वाट पाहणारी गावे या जिल्ह्याने वारंवार पाहिली आहेत. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी आपणच वाहून न्यावे. डोंगरातील पाणवठा हा रात्री मोर, ससे, कोल्हे आणि लांडगे यांचा, तर दिवसा मेंढपाळाच्या कळपाचा असतो. त्याच्या काठावर मुक्काम केला तर तहानलेली जनावरे पाण्याजवळ येत नाहीत. किमान शंभर पावले दूर राहावे. साबण, खरकटे आणि कपडे पाण्यात नेऊ नयेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांच्या पूर्वजांनी पाण्याचा हक्क प्रस्थापित केला, त्यांना पाणवठा अडविणे म्हणजे काय असते हे वेगळे सांगावयास नको. तो हक्क मुक्या जीवांनाही आहे, एवढेच आम्हांस येथे जोडावयाचे आहे.

मलविसर्जनासाठी पाण्यापासून व वाटेपासून दूर एक वीतभर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा. भिक्खूला जमीन खणणे वर्ज्य असले तरी गृहस्थाला तसा निर्बंध नाही. प्लास्टिक, कागद, दोऱ्या हे सर्व परत आणावे. नाल्याच्या कोरड्या पात्रात झोपू नये. वरच्या बाजूला पडलेल्या पावसाने ते अचानक भरते. रात्री मोर उंच झाडावर बसतो, तेव्हा सायंकाळी ज्या झाडावर पक्षी उतरताना दिसतील ते झाड सोडावे. ध्वनिवर्धक तर नेऊच नये, मग तो गीतांसाठी असो वा वंदनेसाठी.

भय आणि त्याचा सामना

रानातील रात्रीचे भय खोटे नसते. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात बुद्ध आपल्या साधनाकाळातील अशाच रात्रींचे वर्णन करतात. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा अशा रात्री ते भीतिदायक वनांत मुद्दाम राहत. कोठे एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाने सळसळवी आणि भय दाटून येई. त्या वेळी ते चालत असतील तर चालतच राहून, बसलेले असतील तर बसूनच त्या भयाला सामोरे जात; भय शमेपर्यंत ते आपली स्थिती बदलत नसत. ज्याचे कायिक, वाचिक आणि मानसिक कर्म शुद्ध नाही त्यालाच रानात अधिक भय वाटते, हेही त्यांनी तेथे सांगितले आहे. मोराने पाडलेली काटकी कशी वाजते हे नायगावच्या रानात कोणालाही ऐकता येईल.

मात्र धैर्य म्हणजे बेपर्वाई नव्हे. सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाला तेव्हा बुद्धांनी सापांच्या चार कुळांविषयी मैत्रीभावना करावयास शिकविले. खंधपरित्त ते हेच. आज आपल्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप ठाऊक आहेत आणि त्यांच्या विषावर उतारा देणारी लस उपलब्ध आहे. मैत्रीभावना साप मारण्यापासून आपल्याला परावृत्त करते. दंशावरचा उपचार रुग्णालयातच होतो. अंधारात विजेरी व काठी घेऊन चालावे, अंथरूण झटकून घ्यावे, मण्यार रात्री फिरतो म्हणून जमिनीवर झोपताना मच्छरदाणी खोचून घ्यावी. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. अवयव न हलविता बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अन्य जवळचे शासकीय रुग्णालय गाठावे. २०२० साली याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली होती. तेव्हा रानात जाण्यापूर्वी गावकऱ्यांकडून व वनरक्षकांकडून माहिती घेणे आणि आपण कोठे आहोत हे गावात सांगून ठेवणे, हे कर्तव्यच समजावे.

भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम विनयात आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर दुष्टांनी अत्याचार केल्यामुळे तो करावा लागला, हेही तेथेच नोंदलेले आहे. म्हणजे दोष स्त्रीच्या योग्यतेत नव्हता. तो पुरुषांच्या वर्तनात होता. आज आमच्या भगिनी रानमुक्कामाला येऊ इच्छित असतील, तर त्यांना रोखणे हे उत्तर नव्हे. त्यांना निर्भयपणे झोपता येईल असा गट आणि असे वर्तन निर्माण करणे हे उत्तर आहे.

ज्यांना निवड नाही

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कारखान्याच्या तळावर वा फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत सहा-सहा महिने राहते. तेथे दिवा नाही, शौचकूप नाही, पाण्याची शाश्वती नाही. मांजरसुंब्याच्या परिसरात एखादा तरुण हौसेने ताडपत्रीखाली ज्या थंडीत झोपतो, त्याच थंडीत त्याच जिल्ह्यातील लहान मूल कोपीत झोपलेले असते.

भटक्या-विमुक्तांची कथा याहून वेगळी नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या ‘विमुक्त’ झाल्या. परंतु गावाबाहेर पाल ठोकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची दृष्टी संपली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. अरण्यवासी भिक्खूंना चोर समजून झालेल्या मारहाणीची कथा आपण वर पाहिली. अडीच हजार वर्षांनंतरही उघड्यावर राहणारा अनोळखी माणूस आधी चोर ठरतो आणि मग माणूस ठरतो. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना या दृष्टीची धार अधिक कळावी.

बुद्धांनी देवदत्ताला जे उत्तर दिले त्याचा अर्थ येथे पूर्णपणे उलगडतो. वृक्षमूल हे निवडीचे असेल तरच ते साधन होते. ते सक्तीचे असेल तर ती केवळ निराश्रितता असते. ज्याला परतण्यासाठी घर आहे, त्याची उघड्यावरची रात्र त्याला मोकळे करते. ज्याला घरच नाही, त्याची तशीच रात्र त्याला झिजविते. म्हणून रानमुक्कामाचे कौतुक करताना बेघरपणाचे कौतुक आपल्या लेखणीत वा वाणीत शिरू नये, अशी दक्षता आम्ही घेऊ इच्छितो. बालाघाटात रात्र काढून आलेल्या तरुणाने आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांच्या शाळेची चौकशी केली, गावाबाहेर उतरलेल्या पालाशी जाऊन पाण्याची विचारपूस केली, तर त्याचा अरण्यवास सार्थकी लागला असे आम्ही मानू.

रानात एक रात्र काढल्याने माणसाला आपल्या गरजा किती थोड्या आहेत हे कळते. पाणी, अन्न, एक घोंगडी, एक आडोसा आणि निर्भय झोप एवढ्या त्या आहेत. या थोड्या गरजा स्वतःसाठी पुरेशा मानणे ही अल्पेच्छता होय. आणि त्याच थोड्या गरजा प्रत्येकाला हक्काने मिळाव्यात यासाठी झटणे ही करुणा होय. यांपैकी एकीलाच धरून बसणाऱ्याचा धम्म अर्धा राहतो.